पाण्यासाठी तडफडलेले मूल आणि दहा वर्षांचा खटला

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ हा 1962 चा अमेरिकन चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. निरपराध कृष्णवर्णीयावर खटला चालतो, गोरा वकील त्याची बाजू लढवतो, तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. हे सारे एका लहान मुलीच्या नजरेतून दिसते. आपल्याकडच्या खटल्यात मात्र लहानपणी अन्याय सोसलेला मुलगाच पुढे बॅरिस्टर झाला आणि प्रतिवादी म्हणून उभा राहिला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने पाणी ओतले तरच तहान भागे. 1901 च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरांचा नूर बदलला. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत त्यांनी प्रवास केला. शिदोरी होती, पण पाणी मिळाले नाही म्हणून ती उपाशीच राहिली.

त्याच बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले.

त्या वर्षी 13 नोव्हेंबरला ते आमच्या अमरावतीत होते. इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे ते अध्यक्ष होते. विषय होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्याच्या पाठीशी होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. देवस्थानच्या पंचांनी मुदत मागितल्याने सत्याग्रह पुढे ढकलला गेला.

महिन्याभरातच महाडच्या सनातन्यांनी तळे खासगी असल्याचा दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो मोडला नाही. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा प्रश्न न्यायालयावर सोपवला गेला.

महाड, ठाणे आणि मुंबई अशी दहा वर्षे गेली. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांच्या पीठाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे वाद्यांना सिद्ध करता आले नाही.

20 मार्च आपण उत्साहाने साजरा करतो. 17 मार्च मात्र कुणाच्या लक्षातही नसतो. अमरावती-अकोल्यातल्या आपल्या वस्त्यांत आजही अत्याचाराची फिर्याद होते, पहिले चार दिवस गर्दी जमते आणि नंतर तारखांना फिर्यादी एकटाच कोर्टाच्या पायऱ्या चढतो. साक्षीदार थकतात, दबावाने फिरतात. अशा वेळी दहा वर्षे चिकाटीने लढलेला हा खटला विहाराविहारांत मुलांना सांगितला पाहिजे, आणि तारखेला फिर्यादीसोबत चार माणसे तरी गेली पाहिजेत. बाबासाहेबांना खरे अभिवादन तेच, असे आम्हाला वाटते.

जयभीम! नमो बुद्धाय!