कॉपी होऊ नये म्हणून सेटवर शिक्के मारले, पण शेवटी त्याचे सिनेमे कॉप्यांनीच वाचवले

जुन्या कपाटातून गेमची सीडी काढावी, धूळ पुसावी, लॅपटॉपला ड्राइव्ह जोडावा आणि गेम सुरूच होऊ नये, असं अनेकांसोबत झालंय. सीडी ठणठणीत असते. पण कॉपी होऊ नये म्हणून तिच्यात 'सेफडिस्क' नावाचं कुलूप बसवलेलं असतं आणि २०१५ ला आलेल्या विंडोज १० नं हे कुलूप चालवणंच बंद केलं. म्हणजे कुलूप जागेवर आहे, फक्त ते उघडणारा गेलाय.

'द क्रू' या रेसिंगच्या गेमचं तर त्याहून वाईट झालं. २०१४ ला आलेल्या या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ ला बंद केले. ज्यांनी रोख पैसे मोजून गेम घेतला होता, त्यांना तो एकट्यानं खेळायचीही सोय राहिली नाही.

तुम्हाला वाटेल, ही सगळी कम्प्युटर आल्यानंतरची भांडणं. तर तसं नाही. कॉपी करणारे, कॉपी रोखणारे आणि या दोघांच्या मारामारीत गायब होणारा माल, हा सगळा खेळ एका माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता. चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसलेला तो काळा-पांढरा फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. तो ज्यानं बनवला तो हा माणूस, जॉर्ज मेलिएस.

बुटांचा धंदा सोडून जादूगार झाला

मेलिएसचा जन्म ८ डिसेंबर १८६१ चा, पॅरिसमधला. वडिलांचा उंची बुटांचा कारखाना होता आणि धंदा जोरात होता. पोरानंही यातच पडावं अशी घरच्यांची इच्छा. पण १८८४ ला त्याला लंडनला पाठवलं आणि तिथं 'इजिप्शियन हॉल'मधले जादूचे प्रयोग पाहून गडी नादावला. परत आल्यावर काही वर्षं कारखान्यात मन मारून काढली. १८८८ मध्ये त्यानं धंद्यातला आपला वाटा भावांना विकला आणि त्या पैशात पॅरिसमधलं जादूच्या प्रयोगांचं प्रसिद्ध थिएटर, रॉबेर-हूदँ, विकत घेतलं.

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा तिकीट लावून पहिला खेळ झाला. मेलिएस त्या प्रेक्षकांमध्ये होता. (हाच सिनेमॅटोग्राफ ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचला.) मेलिएसनं तिथल्या तिथं मशीन विकत मागितलं. ल्युमिएर मंडळींनी नकार दिला. मग त्यानं लंडनच्या रॉबर्ट पॉलकडून एक प्रोजेक्टर आणला आणि त्यात खटपट करून आपला कॅमेरा बनवला.

त्यानंच पुढे सांगितलेला एक किस्सा आहे. पॅरिसच्या रस्त्यावर शूटिंग चालू असताना फिल्म अडकली. ती मोकळी करायला थोडा वेळ गेला. नंतर पडद्यावर पाहिलं तर धावत्या बसची अचानक प्रेत नेणारी गाडी झालेली. कॅमेरा थांबवला, समोरची वस्तू बदलली आणि पुन्हा चालू केला की पडद्यावर जादू होते, हे त्याला उमगलं. आज रील्समध्ये टाळी वाजवून कपडे बदलणारे लोक हीच ट्रिक वापरतात.

१८९७ मध्ये त्यानं पॅरिसजवळ मोंत्रेय इथं काचेच्या भिंतींचा स्टुडिओ बांधला. कंपनीचं नाव 'स्टार फिल्म'. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, सेट रंगवणारा तोच आणि बऱ्याचदा हिरोही तोच. असे त्यानं ५०० च्या वर सिनेमे काढले.

चंद्रावर गेला आणि लुटला गेला

१९०२ मध्ये 'अ ट्रिप टू द मून' आला. बहुतेक सिनेमे एक-दोन मिनिटांत संपायचे त्या काळात हा चौदा मिनिटांच्या आसपास चालायचा. खर्च आला होता सुमारे १०,००० फ्रँक. सिनेमा तुफान चालला. अमेरिकेतही चालला. फक्त अमेरिकेतल्या त्या गल्ल्यातला मोठा वाटा मेलिएसपर्यंत आलाच नाही.

त्याचं कारण तेव्हाच्या धंद्यात होतं. तेव्हा सिनेमा भाड्यानं देत नसत, फिल्मची रीळं लांबीच्या हिशेबानं चक्क विकत. घेणारा जत्रेतला तंबूवाला असो की नाटकगृहाचा मालक, रीळ त्याच्या मालकीचं व्हायचं. आता एक रीळ हातात आलं की त्यावरून नवी निगेटिव्ह काढायची आणि हव्या तेवढ्या प्रती छापायच्या. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं हेच केलं. फिलाडेल्फियाच्या सिगमंड लुबिननंही केलं. बल्बवाला एडिसन आपल्या पेटंटसाठी लोकांना कोर्टात खेचत होता, पण दुसऱ्याचा सिनेमा छापताना त्याच्या कंपनीला काही वाटलं नाही. सिनेमाची अमेरिकेत नोंदणीच नव्हती, त्यामुळे मेलिएसला कोर्टाचा आधारही नव्हता.

सव्वाशे वर्षांपूर्वीचं कॉपी प्रोटेक्शन

मेलिएस गप्प बसला नाही. त्यानं तीन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे शिक्का. कंपनीची चांदणी तो सेटवरच लावू लागला, म्हणजे दृश्य चालू असताना ती मागे दिसत राहायची. आजच्या व्हिडिओवर कोपऱ्यात वॉटरमार्क असतो, तसंच हे. पाथे कंपनीचा कोंबडाही असाच सेटवर बसायचा. पण चोरांनी त्यावरही तोड काढली. लुबिनकडे काम केलेल्या फ्रेड बाल्शोफरनं पुढे आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं की, फिल्मच्या एकेका फ्रेमवरचा हा शिक्का बसून पुसून काढायचं काम तो करत असे. कंपनीनं कुलूप लावायचं आणि पोरांनी क्रॅक काढायचा, हे तेव्हापासूनचं आहे.

दुसरी गोष्ट, १९०३ मध्ये मेलिएसनं थोरला भाऊ गास्तों याला न्यूयॉर्कला बसवलं. तिथं ऑफिस उघडून सिनेमांची कायदेशीर नोंदणी सुरू झाली. त्यात एक गंमत होती. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा सिनेमा ही वस्तूच नव्हती, ती १९१२ मध्ये आली. तोवर सिनेमा नोंदवायचा तर फोटो म्हणून नोंदवावा लागे. म्हणून अनेक कंपन्या फिल्म कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून सरकारी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. स्टार फिल्मचे काही सिनेमेही असेच कागदावर जमा झाले.

तिसरी गोष्ट, प्रत्येक सिनेमाच्या दोन निगेटिव्ह. एकाच वेळी शेजारी शेजारी दोन फिल्म चालवायच्या, एक युरोपसाठी ठेवायची आणि एक न्यूयॉर्कला पाठवायची. म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला अस्सल, स्वच्छ प्रत तिथंच मिळेल आणि चोरीच्या धुरकट प्रतीला तो हात लावणार नाही.

यातली ही तिसरी गोष्ट सगळ्यात शहाणपणाची. गिऱ्हाइकाला अडवायचं नाही, त्याला चोरापेक्षा चांगला माल सोप्या पद्धतीनं द्यायचा.

विकत की भाड्यानं?

पण मेलिएसला पुढचा फटका चोरांकडून नाही, नियम करणाऱ्यांकडून बसला. १९०८ मध्ये एडिसननं मोठ्या कंपन्यांना एकत्र करून पेटंटची एक संघटना बांधली. स्टार फिल्मही त्यात होती. तिथं टिकायचं तर दर आठवड्याला नवा माल हवा होता, आणि एकेक सेट हातानं रंगवणाऱ्याला हे झेपणारं नव्हतं. शेवटी गास्तोंनं अमेरिकेतच काऊबॉयचे सिनेमे काढायला सुरुवात केली.

१९०९ मध्ये पॅरिसला युरोपातल्या निर्मात्यांची परिषद भरली. अध्यक्ष होता खुद्द मेलिएस. त्यात ठरलं की यापुढे सिनेमा विकायचा नाही, चार महिन्यांच्या मुदतीनं भाड्यानं द्यायचा आणि तोही फक्त सभासदांना. मुदत संपली की रीळ परत. यानं चोरीला आळा बसणार होता, पण मेलिएसला ते पटलं नाही. कारण त्याचे मुख्य गिऱ्हाईक होते जत्रेतले तंबूवाले आणि छोटी थिएटरवाली मंडळी. एकदा रीळ विकत घ्यायचं आणि गावोगाव दाखवत फिरायचं, हे त्यांचं गणित होतं.

आज गेमच्या दुकानात 'बाय' असं बटण असतं, पण मिळतं ते वापरायचं लायसन्स. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आलाय की, डिजिटल दुकानांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगायची. मेलिएसच्या तंबूवाल्यांना हे १९०९ मध्येच सांगितलं गेलं होतं.

सगळं संपलं

एक गोष्ट मात्र खरी, मेलिएस फक्त चोरीमुळे बुडाला नाही. लोकांची आवड बदलत होती. त्यांना पळापळी, खऱ्या जागा, मोठ्या गोष्टी हव्या होत्या आणि मेलिएस मात्र रंगवलेल्या पडद्यापुढे जादूच दाखवत राहिला. १९११ मध्ये त्यानं पाथे कंपनीकडून पैसा घेतला आणि तारण म्हणून घर व स्टुडिओ लावला. १९१२ चा 'काँक्वेस्ट ऑफ द पोल' पडला. १९१३ मध्ये बायको गेली. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१९१७ मध्ये फ्रेंच सैन्यानं स्टार फिल्मच्या ४०० च्या वर प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या. त्यातून चांदी काढली आणि उरलेल्या सेल्युलॉइडचा वापर बुटांच्या टाचा बनवायला झाला. बुटांच्या कारखान्यातून पळालेल्या माणसाचे सिनेमे शेवटी बुटात गेले.

१९२३ मध्ये रस्ता वाढवण्यासाठी रॉबेर-हूदँ थिएटर पाडलं गेलं. त्याच वर्षी स्टुडिओ पाथेच्या ताब्यात गेला. निगेटिव्ह ठेवायला जागा उरली नाही. संतापाच्या भरात मेलिएसनं मोंत्रेयमधल्या आपल्या निगेटिव्ह स्वतःच्या हातानं जाळल्या.

१९२५ मध्ये त्यानं आपल्या जुन्या सिनेमांतली नटी जेहान द'आल्सी हिच्याशी लग्न केलं आणि दोघं पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवर खेळण्यांचं आणि गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवू लागले. स्कॉर्सेसीचा २०११ चा 'ह्युगो' पाहिला असेल, तर त्यातला स्टेशनवरचा म्हातारा तो हाच.

मग सिनेमे वाचले कसे?

१९२० च्या दशकाच्या शेवटी काही पत्रकारांनी त्याला शोधून काढलं. एका जुन्या वाड्यात त्याच्या काही सिनेमांच्या प्रती सापडल्या आणि डिसेंबर १९२९ मध्ये पॅरिसच्या साल प्लेयेलमध्ये त्याच्या सन्मानाचा मोठा कार्यक्रम झाला. १९३१ मध्ये 'लेजन ऑफ ऑनर' मिळाला. तो त्याच्या हातात दिला लुई ल्युमिएरनं, म्हणजे ज्या घराण्यानं त्याला कॅमेरा नाकारला होता त्यातल्याच माणसानं. २१ जानेवारी १९३८ ला मेलिएस गेला.

आज त्याचे २०० च्या आसपास सिनेमे शिल्लक आहेत. ते आले कुठून? तर विकलेल्या आणि कुणाकुणाच्या माळ्यावर पडून राहिलेल्या रीळांमधून. न्यूयॉर्कला पाठवलेल्या दुसऱ्या निगेटिव्हमधून. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या त्या कागदाच्या पट्ट्यांमधून. तेव्हाची फिल्म पटकन पेट घ्यायची, कुजायची, पण कागद टिकला. पुढे तिथल्या ३००० च्या वर सिनेमांचे कागद पुन्हा फिल्मवर उतरवले गेले.

'अ ट्रिप टू द मून'ची हातानं रंगवलेली प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहालयात आली, तेव्हा तिचा जवळपास दगड झाला होता. एकेक फ्रेम सोडवत ती दुरुस्त केली गेली आणि २०११ च्या कान महोत्सवात दाखवली. चोरी टाळायला काढलेल्या दोन निगेटिव्हही कामी आल्या. दोन्ही शेजारी चालवल्या तर डाव्या-उजव्या डोळ्याचं चित्र तयार होतं, हे लक्षात आल्यावर १९०३ चे काही सिनेमे चक्क थ्रीडीमध्ये पाहता आले.

चोरीनं मेलिएसचे पैसे बुडाले, यात वाद नाही, आणि गेम बनवणाऱ्यांचेही बुडतात. पण शिक्क्यांनी त्याचा एकही सिनेमा वाचवला नाही. वाचले ते ज्यांची प्रत दुसऱ्या कुणाच्या हातात राहिली होती तेवढेच.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं अभ्यास केला, तेव्हा २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम आज कुठल्याच दुकानात मिळत नाहीत असं दिसलं. मेलिएसच्या काळात हक्क नोंदवायचा तर सिनेमाची एक प्रत सार्वजनिक लायब्ररीत ठेवावी लागायची. सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीनं कुलूप काढलेली एक प्रत अशी कुठे ठेवावी, असा नियम अजून तरी नाही.