पक्ष्यांच्या पायांत वाळे घालणारे डॉ. सलीम अली

वाचकहो, डॉ. सलीम अली यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहे. त्यांची गोष्ट बहुधा पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून सुरू होते आणि पद्मविभूषणाशी येऊन संपते. मधली वर्षे मात्र कुणी फारशी सांगत नाही. खरे शिक्षण तर त्याच वर्षांत झाले. म्हणून या अंकात ती थोडी सविस्तर सांगतो.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या बेगम हमीदा यांनी या पोरक्या मुलांना आपल्या पंखांखाली घेतले. घरी शिकारीचा शौक होता. एके दिवशी सलीमने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि मुसलमानाच्या पोराला हा पक्षी खाणे रास्त आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडला. मामांना उत्तर देता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे धाडले. साहेबांनी पक्षी ओळखला आणि मग कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी या मुलाला दाखवीत बसले. लक्षात घ्या, हलाल-हरामच्या एका निरागस प्रश्नातून एक विद्या सुरू झाली.

परंतु पोरगा अभ्यासात हुशार नव्हता. १९१३ साली मॅट्रिक कसाबसा पास झाला आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षी कंटाळून ब्रह्मदेशात तवॉयला, घरच्या खाणधंद्यात गेला. तिथेही धंद्यापेक्षा जंगलच त्याला जवळचे. १९१७ साली परतल्यावर दावर कॉलेजात हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकला. सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्रही शिकला. पण विद्यापीठाची पदवी हाती नव्हती, आणि केवळ तेवढ्यावरून सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली.

१९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. श्ट्रेझमान यांच्याकडे शिकावयास गेले. पदवी कुठे आहे, असे या जर्मन गुरूने विचारले नाही. त्याच मुक्कामात हेल्गोलँड बेटावरील पक्षीकेंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे तंत्र पाहिले व हाताळले.

हे तंत्र काय, ते समजून घेऊ. लहान बाळाच्या पायात आपण वाळा घालतो, तसे हलक्या धातूचे कडे पक्ष्याच्या पायात बसवावयाचे. कड्यावर क्रमांक व संस्थेचे नाव कोरलेले असते. पक्षी सोडून द्यावयाचा आणि वहीत जात, तारीख, ठिकाण, वजन नोंदवून ठेवावयाचे. पुढे तो कुठे पकडला गेला वा मेलेला सापडला आणि कुणी क्रमांक कळविला, तर दोन टोके जुळतात. या शास्त्राला वळण लावणारे मॉर्टेन्सन हे डेन्मार्कमधील एक शाळामास्तर. १८९९ साली त्यांनी १६५ मैनेसारख्या पक्ष्यांना अॅल्युमिनियमची कडी घातली. आपल्या शिक्षकबंधूंनी हे नाव ध्यानी ठेवावे.

१९३० साली सलीम अली परत आले तेव्हा निधीअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. बर्लिनचे शिक्षण आणि घरात पगार नाही! पत्नी तहमीना बेगमसह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. पावसाळ्यात सुगरणींची वसाहत समोर होती. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते. मग तो उरलेले काम पुरे करून दुसरीसाठी नवे घरटे विणू लागतो. हा क्रम त्यांनी बारकाईने टिपला. बेकारीच्या त्या दिवसांतील या निबंधाने त्यांचे नाव विद्वानांत झाले. तहमीना बेगम १९३९ साली अल्लाला प्यारी झाली. तो घाव मोठा होता.

आता कड्यांकडे वळू. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने आजारी पडली. तो विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला. मग सायबेरियातून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर तो आला काय? या प्रश्नाच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीचा पक्षी-स्थलांतराचा प्रकल्प सुरू झाला. सलीम अलींनी ही संधी सोडली नाही. पुढे अमेरिकी लष्कराशी संबंधित निधीही आला आणि त्यावरून १९७० नंतरच्या दशकात संसदेपर्यंत संशयाची चर्चा गेली. परकीय पैसा घेताना सावध राहिले पाहिजे, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता; तथापि त्या कामातून जमलेल्या नोंदी आजही उपयोगी पडतात.

या कामात खरे उस्ताद कोण होते? बिहारचे मीरशिकार! पिढ्यान्‌पिढ्या जाळी व फासे लावून पाखरे धरणारे, बहुतेक निरक्षर लोक. पक्ष्याचे पीसही न मोडता त्याला कसे धरावे, हे त्यांच्या बोटांना माहीत होते. जे हात बाजारासाठी पाखरे धरीत, तेच हात भरतपूरच्या आणि तामिळनाडूतील पॉइंट कॅलिमरच्या छावण्यांत ती धरून, कडे घातल्यावर सोडू लागले. पदवी नसलेल्या माणसाला या बिनपदवीच्या उस्तादांची किंमत लवकर कळली, यात नवल नाही.

भरतपूरची आठवण विलक्षण आहे. १९३८ साली १२ नोव्हेंबरला, म्हणजे सलीम अलींच्या वाढदिवशीच, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले होते. त्याच तळ्यांवर नंतर हजारोंना कडी घालण्यात आली. तेथील बदके पुढे सायबेरियात व कझाकस्तानात सापडली. धोबी पक्ष्यासारखा मूठभर जीव दरसाल हिमालय ओलांडून त्याच एका अंगणात उतरतो, हेही अशा खुणांवरून उमगले.

१९७६ साली पद्मविभूषण आणि गेटी पारितोषिक, १९८५ साली राज्यसभा असे मान मिळाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी गिरविलेले तंत्र आता पुढे गेले आहे. २०२२ साली ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविली गेली. तरी कडे मोडीत निघालेले नाही, कारण ते स्वस्त आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. त्याला लागतो तो फक्त कळविणारा माणूस. बहुतेक कड्यांची खबर कधीच परत येत नाही.

तेव्हा आपल्या खाडीकाठी, शेतात वा कोळ्याच्या जाळ्यात पायात कडे असलेला पक्षी दिसला, तर एवढे करा. जिवंत असेल तर कडे काढू नका. क्रमांक नीट वाचून घ्या, जमल्यास छायाचित्र काढा आणि पक्ष्यास सोडून द्या. मेलेला असेल तर कडे जपून ठेवा. तारीख, गाव आणि पक्षी कसा सापडला हे लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवा. पत्र मराठीत लिहिले तरी चालेल.