दार न ठोठावता आलेला पाहुणा

जेकब रीस हे नाव आपल्याला समाजशास्त्राच्या पुस्तकात कुठेतरी ओझरते भेटते आणि छायाचित्रणाच्या इतिहासात जरा ठसठशीतपणे. दोन्हीकडे त्याची ओळख एकच दिलेली असते : न्यूयॉर्कच्या गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या जगाला दाखवणारा सुधारक. ही ओळख खोटी नाही. परंतु त्याचे चरित्र वाचत असताना मला एक निराळाच प्रश्न टोचत राहिला. ज्यांचे फोटो त्याने काढले त्यांना त्याने विचारले होते का? आणि विचारले नसेल, तर तो अधिकार त्याला दिला कोणी? हा प्रश्न मनात ठेवूनच मी पुढचे लिहितो आहे.

रीसचा जन्म ३ मे १८४९ चा, डेन्मार्कमधील रिबे या जुन्या गावातला. वडील शाळामास्तर. घरात मुलांची पलटण, आणि मास्तरांचा पगार तो केवढा! वडील गावातल्या वर्तमानपत्रासाठी लिहीत, मुलगा त्यांना मदत करी. मुलाने लेखणी धरावी ही वडिलांची इच्छा. मुलाने धरली करवत. तो सुतारकाम शिकला. त्याच सुमारास गावातल्या एका श्रीमंत घरातील एलिझाबेथवर त्याचे मन जडले. तिने नकार दिला. हा नकार आणि हाताला काम नसणे ही दोन गाठोडी घेऊन १८७० मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या बोटीत चढला. मित्रांनी वर्गणी करून दिलेले ४० डॉलर खिशात होते. त्यांतले निम्मे त्याने न्यूयॉर्कला उतरताच पिस्तूल घेण्यात उडवले. अमेरिका म्हणजे रानटी मुलूख अशी त्याची समजूत होती.

पुढची काही वर्षे त्याने सुतारकाम, कोळशाची खाण, विटांची भट्टी, शेतमजुरी, फेरीवाल्याचा धंदा असे हाताला लागेल ते केले, आणि मधूनमधून काहीच मिळाले नाही. अशा दिवसांत तो पोलिस ठाण्यातील निवाऱ्याच्या खोलीत फळीवर झोपे. बेघरांसाठी ठाण्यांत तळघरासारख्या खोल्या असत. तिथली घाण आणि सोबत दोन्ही भयंकर. एका रात्री झोपेत त्याच्या गळ्यातले सोन्याचे लॉकेट चोरीला गेले. त्याने तक्रार केली, तर अंमलदाराने त्यालाच चोर ठरवून हाकलले. बाहेर त्याची वाट पाहात बसलेले भटके कुत्रे शिपायावर धावले. शिपायाने त्याला पायरीवर आपटून मारले. रीस हे कधी विसरला नाही. चरित्रकार या प्रसंगाकडे सुधारकाच्या जन्माची कथा म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या खोल्यांत तो पुढे कॅमेरा घेऊन शिरणार होता, तसल्या खोल्यांत तो स्वतः झोपलेला होता. तेथे निजलेल्या माणसाला कोणीही येऊन लाथ मारू शकतो, हे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते.

मग दिवस पालटले. एलिझाबेथचा नियोजित वर मरण पावला. रीसने पुन्हा पत्र लिहिले आणि १८७६ मध्ये रिबेलाच दोघांचे लग्न झाले. १८७७ मध्ये त्याला ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये पोलिस वार्ताहराची नोकरी मिळाली. कचेरी मलबेरी रस्त्यावर, पोलिसांच्या मुख्य कार्यालयासमोर. खून, आगी, बेवारस प्रेते हा त्याचा रोजचा व्यवसाय, आणि चार पावलांवर मलबेरी बेंड ही शहरातली सर्वांत कुप्रसिद्ध वस्ती. तिथल्या टेनेमेंट इमारती म्हणजे आपल्या चाळींची थोरली भावंडे : आतल्या खोल्यांना खिडकी नाही, हवा नाही, आणि एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे. आरोग्य खात्याच्या पोलिसांना रात्री अचानक तपासणी करण्याचा अधिकार होता, खोलीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे झोपली आहेत की काय ते पाहण्यासाठी. रीस त्यांच्याबरोबर जाई. जे पाही ते लिही. वाचणारे चहा पिता पिता वाचत आणि पान उलटीत.

चित्रे काढून पाहिली, ती साधेनात. फोटो काढावा तर अंधार. अशात १८८७ मध्ये त्याने बातमी वाचली की, जर्मनीत मॅग्नेशियमची एक पूड तयार झाली आहे. ती पेटवली की क्षणभर दिवसासारखा उजेड पडतो. रीसने आरोग्य खात्यातला आपला मित्र डॉ. जॉन नेगल याला गाठले. नेगल हौशी छायाचित्रकार होता. त्याने हेन्री पिफर्ड आणि रिचर्ड लॉरेन्स हे आणखी दोघे हौशी गडी आणले. सोबत एक-दोन पोलिस. अशी ही टोळी मध्यरात्री कोणाच्याही खोलीत शिरे. पूड सुरुवातीला काडतुसात भरलेली असे आणि ते काडतूस पिस्तुलातून उडवावे लागे. झोपेतून उठलेल्या माणसाला काय दिसत असेल? दारात अनोळखी माणसे, हातात पिस्तूल, धडाका आणि डोळे दिपवणारा प्रकाश. लोक खिडक्यांतून आणि आगीच्या जिन्यांवरून पळत सुटत. रीसने हे पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि जरा गमतीनेच लिहिले आहे. पिस्तूल फार भिववते म्हणून नंतर त्याने लांब दांड्याचा तवा वापरायला सुरुवात केली.

हौशी मंडळींना काही दिवसांत झोप प्यारी झाली. तेव्हा जानेवारी १८८८ मध्ये रीसने २५ डॉलरना स्वतःचा कॅमेरा घेतला. पहिला प्रयोग कुठे केला असेल? हार्ट आयलंडवरील बेवारसांच्या दफनभूमीत. उघड्या खंदकात एकावर एक रचलेल्या शवपेट्यांना हरकत घेता येत नव्हती. एकदा एका माळ्यावर आंधळ्या भिकाऱ्यांचा फोटो काढताना त्याच्या पुडीने भिंतीवरच्या कागद-चिंध्या पेटल्या. खोलीत डोळस माणूस तो एकटा. त्याने कोट टाकून, हातांनी बडवून आग विझवली आणि त्या लोकांना पत्ताही लागू दिला नाही. रस्त्यावर येऊन पोलिसाला सांगितले, तर तो हसला. ते घर इतके मळलेले आहे की जळणारच नाही, असे त्याचे म्हणणे. हा प्रसंग मी दोनदा वाचला. माणसे आंधळी, त्यांना आपला फोटो निघतो आहे हे दिसत नाही, आपल्या छताला आग लागली हेही दिसत नाही; आणि हा सर्व उद्योग त्यांच्याच कल्याणासाठी चाललेला!

त्याचे सर्वांत गाजलेले छायाचित्र १८८९ मधले, बेयर्ड रस्त्यावरील एका खोलीचे. पाच सेंट दिले की रात्रीपुरते अंग टाकायला जागा. तेरा फूट लांबी-रुंदीही नसलेल्या या खोलीत बारा स्त्री-पुरुष झोपलेले होते. फोटोत एक जण पांघरुणातून वर डोके काढून उजेडाकडे पाहतो आहे. त्याचे डोळे धड उघडलेलेही नाहीत. तपासणीचा अहवाल आरोग्य मंडळापुढे गेला तेव्हा त्याचा फारसा परिणाम झाला नाही. रीसच्या ओल्या काचा आल्या तेव्हा झाला. फोटोच्या बाजूने याहून मोठा पुरावा मिळणे कठीण. पण हेही खरे की, खोलीत शिरण्याचा अधिकार पोलिसांचा होता, रीसचा नव्हता. तो त्यांच्या अधिकाराच्या सावलीत आत गेला. तपासायला आलेल्या सरकारी माणसाबरोबर वार्ताहरही आत यावा का, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही, कारण विचारणार ते पाच सेंटवाले!

सगळेच मात्र गप्प बसले नाहीत. मलबेरी बेंडमध्ये शिडीच्या पायरीवर बसून मातीचा पाइप ओढणारा एक फाटका भटक्या रीसच्या नजरेस पडला. फोटोसाठी बैस, दहा सेंट देतो, असा सौदा ठरला. रीसने कॅमेरा लावला, आणि या गृहस्थाने शांतपणे पाइप काढून खिशात घातला. पाइप करारात नव्हता. तो चित्रात हवा असेल तर पंचवीस सेंट पडतील! सेंटाला दोन मिळणारा तो पाइप. रीसला मुकाट्याने मान्य करावे लागले. पुस्तकात त्याने हा किस्सा आळशी माणसाचा चलाखपणा म्हणून सांगितला आहे. मला विचाराल तर त्या रस्त्यावर छायाचित्राचा कायदा खऱ्या अर्थाने एकट्या त्या भटक्यालाच समजला होता. आपला चेहरा ही आपली वस्तू आहे, आणि फोटो घेणाऱ्याची गरज आपल्या गरजेपेक्षा मोठी आहे, हे त्याने बरोबर ताडले. दुसऱ्या एका टोळीच्या पोरांनी सिगरेटींच्या मोबदल्यात खिसे कापण्याचे प्रात्यक्षिकच करून दाखवले. रस्त्यात, उजेडी, संमतीने निघालेली ही चित्रे. आणि नेमकी हीच अभिनयाची निघावीत! संमती मागितली की माणूस सजतो, न मागितली तर लुटला जातो. आमच्या महाविद्यालयातले मोबाइलवर फोटो काढणारे मित्र वस्त्यांत जातात तेव्हा त्यांनाही हा पेच भेटतो. फरक इतकाच की, त्यांना पूड पेटवावी लागत नाही, म्हणून समोरच्याला कळतही नाही.

नोव्हेंबर १८९० मध्ये रीसचे ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक निघाले. फोटो थेट छापण्याचे तंत्र तेव्हा नवे होते. त्यातील सतरा चित्रे त्या पद्धतीने छापली होती. आणि योगायोग असा की, पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १८९० मध्ये, ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त बोस्टनच्या दोन वकिलांचा एक लेख आला. सॅम्युएल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस हे ते दोघे. झटपट फोटो आणि वर्तमानपत्रे माणसाच्या खाजगी आयुष्यात घुसत आहेत, तेव्हा माणसाला एकटे राहू देण्याचा हक्क कायद्याने मानावा, असे त्यांनी मांडले. दोनच वर्षांपूर्वी कोडॅकचा सुटसुटीत कॅमेरा बाजारात आला होता, आणि ज्यांच्या मेजवान्यांना वार्ताहर येत त्यांना त्याची धास्ती वाटत होती. मला राहून राहून वाटते ते असे : या लेखातील घराला दार आहे, दाराला कडी आहे. बेयर्ड रस्त्यावरच्या खोलीला कडी असती तरी बारांपैकी ती लावायची कोणी? खाजगीपणाचा हक्क आणि खाजगीपणाचा अभाव हे दोन्ही एका महिन्याच्या अंतराने छापले गेले, आणि दोघांची गाठ पडली नाही.

कायदा पुढे सरकला तो गरिबांच्या खोलीवरून नव्हे, पिठाच्या जाहिरातीवरून. एका तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या गिरणीच्या सुमारे २५,००० जाहिरातपत्रकांवर छापला गेला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तिची मागणी फेटाळली. लोक इतके संतापले की १९०३ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला : लेखी संमतीवाचून कोणाचे नाव वा चित्र जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी वापरता येणार नाही. बातमी आणि कला यांना मात्र हा कायदा आडवा येत नाही, असेच तेथील न्यायालये मानत आली. म्हणजे रीस त्या कायद्यानंतर जन्मला असता तरी छापण्याबद्दल सुटला असता; प्रश्न उरला असता तो मध्यरात्री दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या निकालातही वॉरेन-ब्रँडाइसच्या लेखाची चर्चा आहे.

आता दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल, कारण ती वजनदार आहे. १८९१ मध्ये रीसने कॅमेरा घेऊन क्रोटनच्या पाणलोट क्षेत्रात पायपीट केली आणि न्यूयॉर्कच्या पिण्याच्या पाण्यात गावांची घाण कशी मिसळते त्याचे फोटो छापले. शहराला भोवतालची जमीन विकत घ्यावी लागली. थिओडोर रूझवेल्ट त्याचे पुस्तक वाचून भारावला आणि १८९५ मध्ये पोलिस मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर रीसबरोबर रात्री-अपरात्री शहर पालथे घालू लागला. १८९६ मध्ये ठाण्यांतील निवाऱ्याच्या खोल्या बंद झाल्या; कुत्र्याचा हिशेब असा पंचवीस वर्षांनी चुकता झाला. मलबेरी बेंड पाडून तेथे १८९७ मध्ये बाग झाली. १९०१ च्या टेनेमेंट कायद्याने नव्या इमारतींत उजेड, हवा आणि शौचकूप सक्तीचे केले. पाडलेल्या घरांतली माणसे कुठे गेली, याची नोंद मात्र बागेच्या पाटीवर नसते.

आणखी एक गोष्ट. रीसचे कॅमेऱ्याचे डोळे जितके स्वच्छ, तितकी त्याची लेखणी स्वच्छ नव्हती. इटालियन असे, ज्यू तसे, चिनी तर विचारूच नका, असले शेरे त्याच्या पुस्तकात जागोजागी आहेत. फोटोतला माणूस उलट बोलू शकत नाही. त्याच्या खाली काय लिहायचे ते काढणारा ठरवतो. माझ्या मते न विचारता फोटो काढण्यापेक्षाही न विचारता मथळा देणे अधिक जाचक आहे, आणि त्याबाबत कोणताच कायदा फारसा उपयोगी पडत नाही.

एलिझाबेथ १९०५ मध्ये गेली. रीसने १९०७ मध्ये दुसरे लग्न केले, मॅसॅच्युसेट्समधील बॅरे येथे शेत घेतले आणि २६ मे १९१४ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. तो स्वतःला छायाचित्रकार समजतच नसे. व्याख्यानांत मॅजिक लँटर्नवर दाखवण्याच्या कामी आलेल्या काचा त्याने घराच्या माळ्यावर टाकून दिल्या होत्या. १९४० नंतर अलेक्झांडर अॅलंड या छायाचित्रकाराने त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा त्या सापडल्या, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयाकडे आल्या. तपासताना असे आढळले की, रीसच्या नावावर खपणारी काही चित्रे, अगदी ‘बँडिट्स रूस्ट’ हे सुप्रसिद्ध चित्रसुद्धा, बहुधा पिफर्ड आणि लॉरेन्स यांनी काढलेले असावे. ते कोणी काढले याची चौकशी अभ्यासकांनी कसोशीने केली आहे. बेयर्ड रस्त्यावरच्या त्या खोलीतल्या बारा जणांपैकी एकाचेही नाव रीसने लिहून ठेवलेले नाही.