मृत्तिकाशास्त्राचे जनक डोकुचायेव्ह

घरातील एखादा तरुण माती-परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीस लागला, की माती उकरण्यासाठीच का एवढे शिक्षण घेतले, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखी सहज येतो. प्रस्तुत लेखकही शिक्षकी पेशात असता असेच मानीत असे. पुढे एका थोर पुरुषाचे चरित्र वाचनात आले आणि तो समज पार मावळला. ते चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे संक्षेपाने ठेवीत आहे.

वासिली वासिल्येविच डोकुचायेव्ह यांचा जन्म इ. स. १८४६ साली रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात, मिल्युकोव्हो या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. कुलपरंपरेप्रमाणे त्यांना धर्मशिक्षण मिळाले. परंतु ओढा सृष्टिनिरीक्षणाकडे असल्यामुळे त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्रवेश घेतला व १८७१ साली पदवी संपादन केली.

रशियाच्या दक्षिणेकडील काळी जमीन ही त्या देशाची धान्याची कोठारे भरणारी लक्ष्मी होय. ती काळी कशामुळे झाली याविषयी मात्र विद्वानांत एकवाक्यता नव्हती. कोणी तिला समुद्राचा गाळ समजत, तर कोणी आटलेली दलदल. डोकुचायेव्ह यांनी १८७७ व १८७८ या दोन वर्षांत सुमारे दहा हजार किलोमीटर प्रवास करून ही भूमी पाहिली. जागोजागी उभे खड्डे खणावेत, खड्ड्याची भिंत साफ करून वरपासून खालपर्यंतचे थर निरखावेत आणि थरांतील नमुने परीक्षणासाठी न्यावेत, असा त्यांचा क्रम होता. वरवरची मूठभर माती उचलून निर्णय देणे त्यांना मान्य नव्हते.

या परिश्रमांचे फळ म्हणजे १८८३ साली प्रसिद्ध झालेला काळ्या जमिनीवरील त्यांचा ग्रंथ. माती म्हणजे खडकाचा निर्जीव चुरा नव्हे. मूळ खडक, हवामान, वनस्पती व जीवजंतू, भूमीचा चढउतार आणि काळ या पाचांच्या संयोगाने ती जन्मास येते, हा सिद्धान्त त्यांनी प्रस्थापित केला. गवताळ मैदानांतील वनस्पती युगानुयुगे कुजून ती भूमी काळी झाली, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे निझ्नी नोव्हगोरोद व पोल्टावा या प्रांतांतील जमिनींची त्यांनी शिष्यांसह पाहणी केली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या मृत्तिकासंग्रहास सुवर्णपदक लाभले.

१८९१ साली रशियात अवर्षण पडून भयंकर दुष्काळ झाला. तेव्हा केवळ ग्रंथलेखनावर संतुष्ट न राहता त्यांनी व्होरोनेझ प्रांतातील कामेन्नाया स्टेप येथे वृक्षांचे पट्टे लावून व तळी बांधून ओलावा राखण्याचे प्रयोग आरंभिले.

उत्तरायुष्य मात्र दुःखाचे गेले. १८९७ साली पत्नीचे निधन झाले, मनाचे स्वास्थ्य ढळले आणि १९०३ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. परंतु शिष्यांनी विद्या जतन केली. शिष्य ग्लिंका यांचा जर्मन ग्रंथ १९२७ साली इंग्रजीत आला आणि ती दृष्टी अमेरिकेतही रुजली.

आपल्या महाराष्ट्राची काळी जमीन दिसण्यात रशियाच्या जमिनीसारखी असली, तरी ती बहुतांशी बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यात सेंद्रिय अंश पुष्कळ कमी असतो. रंगावरून गुण ठरवू नयेत, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? म्हणूनच नमुना घेण्याचे काम जबाबदारीचे आहे. बांध, उकिरडा, झाडाची सावली व विहिरीचा परिसर टाळावा. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी, हंगामी पिकांसाठी वीतभर खोलीपर्यंत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावेत. त्यांच्या कडेची माती एकत्र कालवून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. पिशवीत शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. येथे आळस झाला, तर प्रयोगशाळेतील उपकरण कितीही उत्तम असो, उत्तर चुकणार. आणि चुकीच्या खताचा भुर्दंड गरीब शेतकऱ्यास पडणार.

तेव्हा मातीने हात माखलेल्या आपल्या मुलास उणे लेखू नये. त्यानेही, प्रत्येक पिशवीत एका कुटुंबाचे वर्षभराचे अन्न आहे, हे स्मरून आपले काम करावे. डोकुचायेव्ह यांच्या स्मृतीस याहून योग्य वंदन नाही.