कर्करोग्यांची आई : रोझ हॉथॉर्न

कॅन्सर हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की सारे घर गप्प होते. मग तपासण्या, फाईली, केमोथेरपी आणि परळच्या टाटा हॉस्पिटलच्या खेपा सुरू होतात. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी हे अनुभवले आहे. म्हणून आज आपण अशा रुग्णांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एका स्त्रीची ओळख करून घेऊ या.

रोझ यांचा जन्म २० मे १८५१ रोजी अमेरिकेतील लेनॉक्स या गावी झाला. वडील नॅथॅनिएल हॉथॉर्न हे नामवंत कादंबरीकार. रोझ यांच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्याच दिवशी ते वारले. १८७१ साली रोझ यांचा विवाह लेखक जॉर्ज लॅथ्रॉप यांच्याशी झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा चार वर्षांचा असताना घटसर्पाने दगावला. १८९१ साली पतीपत्नींनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. परंतु पतीच्या दारूच्या व्यसनामुळे १८९५ साली दोघे विभक्त झाले.

अशा रित्या झालेल्या आयुष्यात एक बातमी त्यांच्या कानी आली. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीला कर्करोग झाला होता आणि पैसे संपताच तिची रवानगी अनाथ-दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रमात झाली होती. त्या काळी कर्करोग संसर्गजन्य आहे असा अनेकांचा समज होता. शस्त्रक्रियेपलीकडे फारसे उपचार नव्हते. बरा न होणारा रुग्ण इस्पितळात राहू शकत नसे आणि घरचेही त्याला जवळ करायला घाबरत.

रोझ यांनी वयाच्या ४५ व्या वर्षी, १८९६ साली, न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. जखमा पाहून त्यांनाही प्रथम शिसारी आली, पण त्यांनी मनावर ताबा मिळवला. मग गरिबांच्या वस्तीत दोन-तीन खोल्या भाड्याने घेतल्या, स्वतः घासूनपुसून स्वच्छ केल्या आणि रुग्णांची सेवा सुरू केली. चित्रकार ॲलिस ह्युबर त्यांना येऊन मिळाल्या. पतीच्या निधनानंतर १९०० साली दोघींनी डॉमिनिकन व्रत घेतले आणि रोझ मदर अल्फोन्सा झाल्या. १९०१ साली शहराबाहेर ‘रोझरी हिल होम’ उघडले. नियम साधे होते : रुग्णाकडून वा नातलगांकडून एक पैसाही घ्यायचा नाही, धर्म विचारायचा नाही आणि चेहऱ्यावर किळस दिसू द्यायची नाही.

९ जुलै १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. १४ मार्च २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ म्हणून मान्यता दिली.

आता काळ बदलला आहे. अनेक कर्करोग बरे होतात. जे बरे होत नाहीत, त्यांच्यासाठी वांद्र्याचे ‘शांती आवेदना सदन’ १९८६ पासून रुग्णांची विनामूल्य सेवा करीत आले आहे. तरीही काही घरांत आजही रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवला जातो. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे आपण घराघरांत सांगितले पाहिजे.

एखाद्याला अनेक आठवडे इस्पितळात राहायचे असेल तर आपण बॅग भरतो : सर्व रिपोर्ट, सैल सुती कपडे, मऊ ब्रश, फोनचा चार्जर, रोझरी. त्याबरोबर माणसांचीही तयारी करू या. सोबतीला कोण राहणार, जेवण कोण पाठवणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, हे आधीच ठरवून वाटून घेऊ या. केमोथेरपीने रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून सर्दी-खोकला असेल तर भेटीला न जाता फोन करावा. जायचे झाले तर हात धुऊन, डॉक्टरांना विचारून जावे.

आणखी एक गोष्ट. रुग्णाभ्यंगाचा संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नये. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. तेव्हा इस्पितळात दाखल होण्याआधीच फादरांना कळवावे. आजार ऐकून लोक दूर सरकत, तेव्हा मदर अल्फोन्सा रुग्णाच्या खाटेशी बसत. आपल्या शेजारच्या घरातून कोणी इस्पितळाला निघाले असेल, तर आजच त्यांचे दार ठोठावू या.