हार्वे कुशिंग : कानाची नस, चेहऱ्याची नस



ज्ञानेंद्रियांचा पाठ घेताना आपण फळ्यावर कानाची आकृती काढतो आणि आतल्या कानापाशी थांबतो. तिथून मेंदूकडे जी नस जाते, तिच्यावर काही जणांना गाठ होते. ती कर्करोगाची नसते, सावकाश वाढते. आधी एका कानात आवाज येतो, मग ऐकू कमी येतं, तोल जातो. खरी पंचाईत अशी की चेहरा हलवणारी नस तिच्या शेजारूनच, हाडातल्या त्याच बोगद्यातून जाते. या गाठीच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू ज्यांनी खूप कमी केले, त्या डॉ. हार्वे कुशिंग यांची आज ओळख करून घेऊया.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडीलही डॉक्टर. हार्वर्डमध्ये शिकत असताना भूल देण्याचं काम विद्यार्थ्यांकडेच असायचं. त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. ते त्यांच्या मनाला फार लागलं. मग कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी भूल देताना नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. पुढे इटलीत रक्तदाब मोजण्याचं उपकरण पाहिलं आणि तेही अमेरिकेत आणलं. माणूस नोंदी ठेवणारा, बरं का! शस्त्रक्रिया झाली की तिचं चित्र स्वतः काढायचे.

त्या काळी या गाठीच्या शस्त्रक्रियेत १०० पैकी सुमारे ८० रुग्ण मरत. गाठ बोटाने उकरून काढत, रक्तस्राव थांबत नसे. कुशिंग यांनी वेगळं ठरवलं. गाठ आतून पोखरायची, पण तिचं साल तसंच ठेवायचं, कारण ते मेंदूला आणि नसांना चिकटलेलं असतं. १९१७ साली या गाठीवर त्यांचं पुस्तक आलं, तोपर्यंत मृत्यू १०० पैकी २० च्या आसपास आले होते. कानाची तक्रार आधी सुरू झाली का, हे रुग्णाला नीट विचारा, यावर त्या पुस्तकात भर आहे. ऐकणं वाचवण्याचा विचार मात्र तेव्हा दूरच होता. रुग्ण यायचे तेच उशिरा. कान गेलेला, काहींची दृष्टीही गेलेली.

राहिलेली गाठ पुन्हा वाढायची, हेही खरं. त्यांच्याच हाताखाली काम केलेले वॉल्टर डँडी म्हणाले, गाठ पूर्ण काढायची. त्यांनी तशी काढूनही दाखवली, पण चेहऱ्याची नस बहुधा जायची. अर्धा चेहरा लुळा, डोळा मिटत नाही. दोघांचं आयुष्यभर पटलं नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, कमी पडत होती ती साधनं.

१९२६ मध्ये बोव्ही यांच्या विजेच्या उपकरणाने कुशिंग यांना रक्त थांबवणं सोपं झालं. त्याच वर्षी त्यांच्या ऑस्लर-चरित्राला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी त्यांचा मोठा मुलगा मोटार अपघातात गेला. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी कुशिंग यांचं निधन झालं.

१९६० नंतर सूक्ष्मदर्शक आला. आता शस्त्रक्रिया चालू असताना चेहऱ्याच्या स्नायूंना बारीक तारा लावतात, नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं. कानात टकटक आवाज सोडून मेंदूपर्यंत तो पोहोचतोय का, हेही पाहतात. गाठ लहान असेल तर ऐकणं टिकण्याची शक्यता जास्त. आणि गाठ नसेला फारच चिकटली असेल, तर आजचे सर्जनसुद्धा तिचा पातळ थर मुद्दाम ठेवतात आणि पुढे एमआरआय करून त्यावर लक्ष ठेवतात.