गॅरी किल्डॉल : कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या प्रणालीचा जनक

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी संगणकाचे क्लास निघाले, तेव्हा विद्यार्थ्याची पहिली ओळख होई ती काळ्या पडद्यावरील एका अक्षराशी आणि त्यापुढे लुकलुकणाऱ्या रेघेशी. 'डीआयआर' असे टंकित केले की फायलींची यादी उमटे. मग वर्डस्टार, मग डीबेस. हे सारे मायक्रोसॉफ्टच्या 'डॉस'चे देणे, अशीच बहुतेकांची समजूत झाली. वस्तुतः डिस्क ड्राइव्हला ए, बी म्हणण्याचा रिवाज, ती आज्ञा आणि ती दोन्ही सॉफ्टवेअर वैयक्तिक संगणकावर प्रथम रुजली ती 'सीपी/एम' नावाच्या कार्यप्रणालीत. तिचे कर्ते गॅरी किल्डॉल.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झाला. घराण्याची नौकानयन शिकविणारी शाळा होती. गणिताचा शिक्षक व्हावे म्हणून ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तेथे संगणकाने त्यांना ओढून घेतले. सक्तीची लष्करी सेवा त्यांनी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात अध्यापन करून पुरी केली. १९७२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये '४००४' ही चिप बाजारात आणली. वाहतुकीचे दिवे किंवा गणनयंत्र चालविण्यापलीकडे तिचा उपयोग काय, हे बहुतेकांना उमगले नव्हते. किल्डॉल यांच्या हाती चिप होती. पण तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिण्याची सोय नव्हती. त्यांनी महाविद्यालयाच्या मोठ्या संगणकावरच त्या चिपची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर तयार केले. म्हणजे एका यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना भलत्याच यंत्रावर चालवून पाहता येऊ लागल्या. या कामामुळे ते इंटेलचे सल्लागार झाले आणि तिच्या चिपसाठी त्यांनी 'पीएल/एम' ही भाषा रचली.

१९७४ मध्ये फ्लॉपी डिस्क हाताळणारी 'सीपी/एम' सिद्ध झाली. इंटेलला तिच्यात रस वाटला नाही. किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी मग स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली गेली.

त्यांच्या कीर्तीचे खरे मर्म मात्र पुढच्या एका निर्णयात आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा. डिस्क वेगळी, पडदा वेगळा. दर वेळी सारी प्रणाली नव्याने लिहावी लागे. या कामाला कंटाळून किल्डॉल यांनी यंत्रावर अवलंबून असलेला लहानसा भाग वेगळा काढला व त्याला 'बायॉस' असे नाव दिले. नवे यंत्र आले की तेवढाच भाग बदलायचा. वरचे सगळे जसेच्या तसे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला खाली कोणते यंत्र आहे याची विचारपूस करण्याचे कारण उरले नाही. फाइल उघडायची तर ठरलेल्या क्रमांकाची मागणी प्रणालीकडे करायची, की काम झाले. शेकडो प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम पसरली. अ‍ॅपल-२ ची चिप मुळातच वेगळ्या जातीची. परंतु १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने दुसरी चिप बसविलेले एक कार्ड विकायला काढले आणि अ‍ॅपलवरही सीपी/एमची सॉफ्टवेअर चालू लागली.

हीच ठरलेली मागणी पुढे त्यांच्यावर उलटली. सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये नव्या '८०८६' चिपसाठी एक प्रणाली लिहिली. सीपी/एमची सॉफ्टवेअर तिच्यावर सहज आणता यावीत म्हणून मागण्यांचे क्रमांक व अर्थ त्यांनी तेच ठेवले. दुकानदार बदलला, गिऱ्हाइकाची चिठ्ठी तीच राहिली. ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ती आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासोबत बाजारात आली.

आयबीएमचे अधिकारी आधी किल्डॉल यांच्याच दारी आले होते. त्या सकाळी ते स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे गेले होते. डोरोथी आणि कंपनीचे वकील गुप्ततेच्या एकतर्फी करारावर सही करण्यास कचरले. आकाशात मौजेने भरारी मारताना त्यांनी साम्राज्य गमावले, ही कथा त्यानंतर इतकी रंगली की माणूस मागे पडला आणि विमान तेवढे उरले. सौदा फिसकटला तो अटींवर. नंतर किल्डॉल यांच्या तक्रारीवरून आयबीएमने सीपी/एमही विक्रीस ठेवली. पण डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम २४० डॉलरला. ग्राहकाने काय उचलले असेल, हे सांगणे नको.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डॉसची सॉफ्टवेअर चालविणारी 'डीआर-डॉस' आणली. आपल्याच प्रणालीच्या वंशजाशी जुळवून घेण्याची वेळ मूळ पुरुषावर आली होती! विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत तर खाली मायक्रोसॉफ्टचा डॉस नसेल तर त्रुटीचा इशारा दाखविणारा मजकूर दडविलेला आढळला. विक्रीच्या आवृत्तीत तो निष्क्रिय होता. त्यासह अन्य आरोपांवरून १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर गुदरलेला दावा २००० साली तडजोडीने मिटला. तोवर किल्डॉल हयात नव्हते.

१९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली गेली. धन त्यांच्यापाशी उदंड होते. सल होता तो श्रेयाचा. 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सहसूत्रधार म्हणून अमेरिकी प्रेक्षकांना ते परिचित होते. चकतीवर ज्ञानकोश आणण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांतही त्यांचा पुढाकार होता. डोरोथींशी मात्र घटस्फोट झाला आणि अखेरची वर्षे मद्याच्या आहारी गेली. मॉन्टेरे येथील एका मद्यगृहात झालेल्या दुखापतीनंतर ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथे डिजिटल रिसर्चच्या जुन्या वास्तूपाशी सीपी/एमचा स्मृतिफलक बसविण्यात आला. किल्डॉल यांनी १९९३ मध्ये काही स्नेह्यांपुरत्या आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. २०१६ मध्ये संगणक इतिहास संग्रहालयाने कुटुंबीयांच्या अनुमतीने त्यांचा पहिला भाग खुला केला. पुढची प्रकरणे कुटुंबीयांनी प्रसिद्ध केली नाहीत.